हळदीच्या तोंडाची बाई

मी हट्टी माणूस आहे. एखादी गोष्ट पाहिली म्हटलं की पाहिली. त्यामुळे रुपचंदने, माझ्या चुलतभावाने, घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'असा कार्यक्रम कधी लागलाच नाही' असं लिहिलं, तेव्हा माझं टाळकंच सरकलं.

लहानपणी पारोळ्याच्या आमच्या घरी टीव्हीवर दर रविवारी मुलांची एक भुताची मालिका लागायची. तिच्यात एक बाई होती. मान नाही, नुसतं तोंड. हळदीसारखं पिवळं, काजळाचे मोठे डोळे, नाकात नथ. ढोलावर घुमत ती ओरडायची, "माले घर जाऊ द्या!" एका भागात ती कपाशीत वाट चुकते. एका भागात तापीच्या काठाला येते, तर नाव सुटून गेलेली. मला सगळं पाठ आहे आणि हा रुपचंद मला शिकवतो!

जळगावात ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं. नेटवर शोधलं. कुणालाच काही आठवत नव्हतं. बायको हसायला लागली, पण मला हसू येईना. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, डोकं असंच पन्नाशीत बिघडलं होतं. कधी न घडलेल्या गोष्टी ते छातीठोकपणे सांगायचे. आता मी पन्नाशीला टेकलोय. खरं सांगतो, मी घाबरलो होतो.

त्यात रुपचंदचा फोन आला. "जगदीश, टीव्हीवर आपली अहिराणी बोली कधी ऐकी रे तू? आन् आपला टीव्ही काळा-पांढरा व्हता. पिवळं तोंड तुले कसामा दिखनं?"

मी फोन ठेवला. खरंच की! इतक्या वर्षांत हे माझ्या ध्यानातच कसं आलं नाही? दुसऱ्या दिवशी सकाळीच मी पारोळ्याची एसटी धरली.

आई ओट्यावर गहू निवडत बसली होती. श्रावण तोंडावर आला होता. आमच्याकडे श्रावणातल्या रविवारी नारळाला हळद फासून, डोळे, नथ लावून कानबाई देवी बसवतात आणि घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी-मुठी गहू घेऊन रोट करतात. त्याचेच हे गहू. मी चपलासुद्धा न काढता तिला मालिकेचं विचारलं. तिने सूप खाली ठेवलं.

"ती मालिका नव्हती भाऊ," ती म्हणाली. "मीच व्हतू ती."

मी चपला काढून तिच्यासमोर बसलो.

"टीव्हीजोडे कानबाई बसाडेल व्हती. तू टीव्ही देखी राह्यंता. ढोल वाजना नि मना आंगमा कानबाई उनी. तू इतला भ्यायना, मनाजोडे येवाले तयार नही. मंग मी सांगं, ती बाई टीव्हीमा व्हती."

"आन् बाकीचे भाग? कपाशी? तापी?"

"तू रोज इचारे, पुढे काय व्हयनं. मी रोज जोडी-जोडी सांगू."

म्हणजे तोंड कानबाईचं, आवाज आईचा आणि मालिका दोघींच्या मधल्या टीव्हीची. माझं डोकं शाबूत होतं! मोठा सुस्कारा टाकून मी पाणी प्यालो. आता रुपचंदला काय काय सुनवायचं, तेही मनात जुळवायला लागलो.

पण ते 'घर जाऊ द्या' मनातून जाईना. आईचं माहेर शिंदखेड्याकडचं. ती तिकडे चार दिवस राहायला गेल्याचं मला काही केल्या आठवेना. आबांना ते खपत नसे, एवढं मात्र आठवलं. मालिकेतली ती बाईही शेवटपर्यंत घरी पोचलीच नव्हती. मी आईच्या तोंडाकडे पाहिलं. ती पुन्हा खडे वेचत होती. विचारावं की गप्प बसावं, समजेना. शेवटी विचारलंच.

"माय, 'घर जाऊ द्या' हाई कानबाई बोलनी का तू?"

तिने एक खडा अंगणात भिरकावला.

"कानबाई कसाले बोली?" ती म्हणाली. "ती ते तिना घरमाच व्हती."