चार बोटांवरचा तोल

आमच्या दोघांच्या तलवारी एकाच लोहाराच्या हातच्या. जुन्या काळचे चिलखती घोडेस्वार वापरत तशा लांब, सरळ, दुधारी. नकलाच त्या, म्हणून धार मुद्दाम बोथट ठेवलेली. माझ्या साडूने आणि मी एकाच दिवशी मागवल्या, एकाच खोक्यातून आल्या. पाती सारखी, पात्यांतल्या पन्हळी सारख्या, मुठीच्या टोकाचे लोखंडी गोळेसुद्धा सारखे. जुळ्या बहिणी म्हणाव्यात अशा. नशीब तेवढं वेगळं निघालं.

तलवार कशी आहे हे आम्ही हौशी लोक बोटावर ठरवतो. एक बोट आडवं धरायचं, त्यावर पातं ठेवायचं आणि ते कुठे स्थिर राहतं ते बघायचं. मुठीच्या जितकं जवळ, तितकी ती हाताला हलकी. पहिल्या दिवशी मापाचं भान कुणाला? दोघंही आपापलीला कवटाळून बसलो होतो. नंतर घरी मोजलं, तर माझी मुठीपासून सहा बोटांच्या अंतरावर स्थिर राहत होती. ठीक होतं. मी सुखात होतो.

महिन्याभराने साडूच्या घरी त्याची उचलली आणि माझं सुख तिथेच, त्याच्या बैठकीच्या खोलीत, सांडलं. चार बोटं! हातात घेतली तर जणू तीच मला धरून उभी होती. मनगट वळायच्या आत वळत होती.

"काय साडूभाऊ, आवडली?" तो हसत म्हणाला.

"बरी आहे," मी म्हणालो.

का, कशी, हे विचारलं नाही. विचारलं म्हणजे आपली उणी आहे हे कबूल केलं. मी मनाशी ठरवून टाकलं, लोहाराने त्याच्या पात्यावर जास्त हात फिरवलाय. टोकाकडे निमुळतं केलंय ते त्याचंच. माझ्या वाट्याला घाईचं काम आलं.

घरी येऊन मी माझी तलवार कोपऱ्यात उभी केली ती केलीच. तिच्याकडे बघवेना. बायकोच्या नजरेतून काही सुटत नाही. भाजी चिरता चिरता तिने दोन ओळी जुळवल्यासुद्धा :

"बहिणीच्या घरी तलवार, नवरीवानी सजली,
माझ्या घरी तलवार, कोपऱ्यात रुसली."

"तलवार नाही रुसलेली," मी म्हणालो.

"ते दिसतंय. गाल कुणाचे फुगलेत तेही दिसतंय."

पंधरा दिवसांनी साडू स्वतःच दुकानात आला, बगलेत लांब गुंडाळी घेऊन. माझं पुस्तकबांधणीचं दुकान आहे. कातडं तासावं, खळ लावावी, टोच्याने भोकं पाडावीत आणि मेणाच्या दोऱ्याने टाके घालावेत, यात माझा हात धरणारा आसपास कुणी नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त अडवत नाही.

"मूठ बांधून द्या," तो म्हणाला. "लाकूड उघडं बरं दिसत नाही. तपकिरी रंगाचं कातडं लावा, तुम्ही जाड ग्रंथांना लावता तसलं. रविवारी न्यायला येतो."

"एवढा विश्वास?"

"तुमच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर?"

तो लिफ्टच्या दुरुस्तीचं काम करतो. त्याची घंटा वाजली की त्याला पळावं लागतं. तो पळाला आणि ती माझ्या टेबलावर राहिली. मी आणि ती. माझ्यासाठी मांडलेलं पान असावं तशी.

घरून माझीही आणली. म्हटलं, दोन्ही मुठी एकदमच बांधू. टोकाचा नट सोडवला, गोळा काढला, मूठ काढली, आडवी दांडी काढली. दोन पाती शेजारी शेजारी उघडी पडली. कोणतं कुणाचं, हे आता फक्त मला माहीत होतं.

मी पाती बदलली.

फार हुशारीने बदलली. त्याचे बाकीचे भाग एका बशीत वेगळे ठेवले. त्याच्या गोळ्यावर पान्ह्याचा बारीक ओरखडा होता. तो त्याच्या ओळखीचा असणार, म्हणून गोळे मात्र ज्याचे त्यालाच. बोटांच्या चिमटीत कागद धरून त्याचं वजन सांगणारा मी. पण त्या दुपारी माझी बोटं बहिरी झाली होती. माझं सगळं लक्ष पात्यात.

त्याची मूठ मी जीव ओतून बांधली. चोरी केली की हात जास्तच चांगला चालतो, हे मला नव्यानेच कळलं. माझी मूठ सुकायची होती. माझे भाग तसेच सुटे पडून राहिले.

रविवारी तो आला. मूठ बघून त्याचा चेहरा फुलला.

"अहो, काय टाके आहेत हे! मुंग्यांची रांग चाललीय जणू."

मग त्याने बोट आडवं धरलं आणि तिला त्यावर ठेवलं. आता ती पुढे झुकेल. तो म्हणेल, कातड्याने फरक पडला असेल. मी म्हणेन, पडतो थोडा.

ती झुकली नाही. चार बोटांवर डोळे मिटून पडावं तशी राहिली.

"पण ते पातं तर माझं आहे!" मी ओरडलो.

साडूने एकदा पात्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या माझ्या सुट्या भागांकडे. त्याचे कान लाल झाले. त्याने माझा गोळा उचलला, स्वतःच्या तलवारीचा नट सोडवून तोही गोळा काढला, आणि दोन्ही माझ्या दोन तळहातांवर ठेवले.

त्याचा गोळा उजव्या हातात होता. तो हात खाली गेला.

"पोकळ येतात हे आतून," तो हळू आवाजात म्हणाला. "आमच्या लिफ्टला पलीकडे वजन लटकवलेलं असतं, त्यावरून सुचलं. शिसं वितळवून ओतलं. अर्ध्या तासाचं काम. विचारलं असतंत तर तुमच्याही गोळ्यात ओतून दिलं असतं."



त्याने पाती पुन्हा बदलली, ज्याचं त्याला. मग माझी सुरी उचलून मुठीवरचे टाके एकेक करून कापले. कातडं सोलून टेबलावर नीट पसरून ठेवलं.

"अरे, ते तरी राहू दे. ते मनापासून केलंय."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणूनच नको."

उघड्या लाकडाची मूठ घेऊन तो गेला.

मी गोळ्यात शिसं ओतलं. माझी तलवार आता चार बोटांवर राहते, हाताला फुलासारखी. पण आठ दिवस मला सारखं एकच वाटत होतं : ती मूठ आता बांधायला कुणाच्या हातात असेल?

काल बायको बहिणीकडे जाऊन आली.

"मूठ बांधून घेतली बाई त्यांनी," ती चप्पल काढत म्हणाली. "घोड्याची खोगिरं शिवणारी कुणी बाई आहे म्हणे. दाखवू का? फोटो काढून आणलाय."

"मला काय करायचंय?"

"बरं, राहिलं."

"दाखव इकडे."

मी फोन खिडकीशी नेला. चित्र बोटांनी मोठं केलं, अजून मोठं केलं. कातडं तसलंच, तपकिरी रंगाचं. टाके इतके बारीक की मोजताना माझी नजर दोनदा घसरली. नखाएवढ्या जागेत पाच होते. माझे चार असायचे.

"छान बांधलीय, नाही?" बायकोने विचारलं.

"बरी आहे," मी म्हणालो, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.