धडधाकट बहिणी

माझ्या विद्यार्थ्यांना वाटतं, मी कधी चुकलेच नाही. चुकले होते, आणि सपशेल.

तेव्हा मी बाईंच्या हाताखाली संशोधनाला नवीन होते. बाईंचा जीव एका बारक्या रानरोपावर. त्याच्या एका जनुकात बिघाड झाला होता, त्यामुळे पानांच्या कातडीवरचा मेणचट थर नीट तयारच होत नसे. मग कोवळी पानं एकमेकांना चिकटत आणि कळ्या आतल्या आत गुदमरत. तीस वर्षं बाईंनी हा वाण टिकवला होता. जुन्या बिया आता उगवेनाशा झाल्या होत्या. उरलेलं एकच पाकीट पेरून त्या तीन आठवडे परगावी गेल्या. जाताना "जप गं," एवढंच म्हणाल्या.

मी जपलं. चिकटक्या रोपांना खत, पाणी, सावली, काही कमी पडू दिलं नाही. सरळ वाढलेल्या रोपांत तो बिघाड नाही, म्हणजे ती बिनकामाची, असं धरून ती सगळी उपटून बादलीत टाकली आणि माळीकाकांना म्हणाले, "फेकून द्या." अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

बाई परतल्या, ट्रे पाहिला आणि स्टुलावर बसल्या.

"अगं, या चिकटक्यांना बी धरतच नाही. वाण चालतो तो त्यांच्या धडधाकट बहिणींवर. त्यातल्या बऱ्याचजणी हाच बिघाड पोटात बाळगून असतात, फक्त दाखवत नाहीत. त्या कुठायत?"

मी बादलीची हकीकत सांगितली. बाई ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काका दारातच उभे होते. ओशाळून म्हणाले, "फेकवली नाहीत हो. चांगली जिवंत रोपं."

काचघरामागच्या कट्ट्यावर, कँटीनच्या कान तुटलेल्या कपांत, त्यांनी ती एकेक करून लावली होती. बावीस कप. आजही त्या माणसाची आठवण आली की मला गलबलून येतं.

बी धरलं, वाळलं, पेरलं. आम्ही तिघं रोज सकाळी ट्रेवर वाकायचो. नवव्या दिवशी बऱ्याच कपांच्या बियांतून चारांत एक अशी चिकटकी रोपं दिसू लागली. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. काका अजून ट्रेवरच वाकलेले होते.

"म्हणजे माझ्या चांगल्या रोपांच्या पोटात हेच होतं?"

"हो, काका."

त्यांनी एका वेड्यावाकड्या पानाला हलकेच बोट लावलं.

"मग बरं झालं, मला कुणी सांगितलं नाही. मीही फेकली असती."