भोंगवलीची खोल काळी

मित्रांनो, तुम्ही मला पायाखाली पुष्कळदा घेतलं असेल, पण ओळखलं नसेल. मी भोंगवलीच्या शिवारातली काळी माती आहे. वय विचारू नका, ते माझं मलाच आठवत नाही. गावात सगळ्यांत म्हातारा माणूस गेनबा. त्याच्या खापरपणजोबाला एका पावसाळ्यात माझ्यात रुतलेली वहाण तशीच सोडून घरी जावं लागलं होतं, हे मात्र लख्ख आठवतं.

माझा जन्म दगडातून झाला. सह्याद्रीचा काळा फत्तर ऊन खात, पाणी पीत हजारो वर्षं झिजला आणि त्याचं पीठ झालं. त्याच दगडाची एक लेक वेल्ह्याच्या डोंगरात राहिली. तिथं पाऊस असा कोसळतो की तिच्यातले क्षार आणि चुना धुऊन जातात आणि मागं तांबडा रंग उरतो. मी पूर्वेच्या कोरड्या सपाटीवर वाढले. इथला पाऊस पाहुण्यासारखा, आला म्हणेपर्यंत निघणारा. त्यामुळे माझं जे होतं ते माझ्यातच राहिलं. आम्ही सख्ख्या बहिणी, पण रंग वेगळा आणि स्वभाव तर त्याहून वेगळा.

स्वभाव लपवून काय करू? माझा कण पिठाहून बारीक आहे. पाणी मिळालं की मी फुगते, चिकटते, येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय धरून बसते. पाणी ओसरलं की आकसते आणि टणक होते. उन्हाळ्यात मला अशा भेगा पडतात की त्यात पडलेलं खुरपं पुन्हा हाती लागत नाही. पण त्याच भेगांत वरचा भुगा उतरतो, पावसात खालची माती फुगून वर सरकते, आणि मी माझी मलाच उलथून घेते. नांगर हे श्रेय एकटाच घेतो, ती गोष्ट निराळी.

गावानं मातीच्या जाती कधीच लावून ठेवल्या आहेत. टेकाडावरची खडेवाली, पाणी न धरणारी ती बरड. ओढ्याकाठची पांढरट, पाणी मुरूच न देणारी ती चोपण. हातभर खणलं की मुरूम लागतो ती मध्यम काळी. पुरुषभर खणलं तरी मुरूम लागत नाही ती खोल काळी. मी खोल काळी आहे, आणि हे सांगताना मला अजूनही जरा ताठा येतो.

एकेकाळी या ताठ्याला कारण होतं. माझ्यातला शाळू, म्हणजे हिवाळी ज्वारी, बघायला शेजारच्या गावची माणसं यायची. मग माझे जुने धनी शहरात गेले. मी पडीक राहिले, माझ्यावर बाभळी उगवल्या. कुणी नांगर घालीना, कुणी नावही घेईना. पुढे सरकारनं मला ताब्यात घेतलं आणि ज्यांचं शेत धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं अशा एका घराला दिलं. ते घर होतं ठकुबाईचं.

ठकुबाई वेल्ह्याच्या डोंगरातल्या गुंजवण्याकडची. साठीची, काटक, बोलायला फटकळ. तिच्याबरोबर तिचा लेक धनाजी आणि सून संजीवनी. तिघंही जन्माचे भातकरी. भाताच्या खाचरात चिखल झाला की लगेच उतरायचं, चिखल तुडवायचा आणि लावणी करायची, हेच त्यांना ठाऊक. तिथं जो थांबला त्याचं भात मागं पडलं. ते हाच रिवाज घेऊन माझ्याकडे आले.

पहिल्या वर्षी मी ओलीचिंब असताना ठकुबाईनं माझ्यात औत घातलं. बैल पोटापर्यंत माखले. फाळाला मी अशी चिकटले की दर चार पावलांवर मला काठीनं खरडून काढावं लागलं. मित्रांनो, मला ओली असताना तुडवलं की माझे कण एकमेकांवर घट्ट बसतात आणि मला श्वास घेता येत नाही. ऊन पडल्यावर माझी ढेकळं झाली, ती कुदळीनंही फुटेनात. पावसानं ओढ दिली, भात पिवळं पडलं आणि गेलं. दुसऱ्या वर्षी तिनं बाजरी केली, पण घाई तीच. बाजरीही गेली.

त्या दिवशी ठकुबाई बांधावर बसून माझ्याकडे बघत म्हणाली, "आमची माती पायाला लोण्यावानी लागायची. ही माती न्हाई, वैरीण हाय."

मला फार वाईट वाटलं. मला बोलता येत असतं तर म्हटलं असतं, बाई, मी तुझ्याच मातीची बहीण आहे. पण मातीला तोंड नसतं.

धनाजीनं तेव्हाच मनाशी ठरवलं. रस्त्यापलीकडे वीटभट्टी होती. तिच्या मालकाला, मानसिंगला, माझा वरचा दोन हातांचा थर हवा होता. तो यंत्र लावून मला खरवडून नेणार, मळणार आणि भाजणार. खाली उरेल ती चुनखडीनं भरलेली नापीक माती.

"आये, ह्यात काय पिकत न्हाई," धनाजी म्हणाला. "माती देऊन टाकू आन पुण्याला जाऊ. कंपनीत कायबी काम मिळंल."

एकदा पाण्यानं ठकुबाईचं शेत नेलं होतं. आता दुसरं ती स्वतःच्या हातानं देणार होती. शेवटी ती म्हणाली, "एक पीक बघू. संक्रांतीपत्तुर. मग तुज्या मनासारखं कर."

त्याच आठवड्यात गेनबा बांधावर आला. त्याचं शेत माझ्या शेजारीच. तो म्हणाला, "बाई, दोन वर्सं बघतोय. तुमी रानाशी भांडताय. मूठभर माती घ्या आन कडबोळ्यावानी वळा."

ठकुबाईनं मला उचललं, थुंकीचं बोट लावून वळलं. बोटाएवढी बारीक वळी झाली. दोन्ही टोकं जुळवली तरी कुठं चीर गेली नाही.

"तुमच्याकडची माती अशी वळंल?"

"न्हाई. मोडंल."

"मग तिचा कायदा हिला कसा लागू व्हईल? हिला चिखलात हात लावायचा न्हाई. वाफसा आल्याबिगर रानात पाय ठेवायचा न्हाई. मूठ आवळायची. हाताला चिकटली तर माघारी जायचं. गोळा होऊन बोटानं दाबल्यावर मोकळी झाली, का झाला वाफसा. आन पाऊसकाळी पेरूच नका. तिला पाणी पिऊ द्या. शाळू घ्या, तो नुसत्या ओलीवर येतोय."

भाद्रपद सरला. ठकुबाई रोज सकाळी यायची, काठावर वाकून मूठ आवळायची. मी चिकटले की हात पदराला पुसून माघारी जायची. तिच्यासारख्या बाईला थांबणं किती जड गेलं असेल ते मला तिच्या मुठीतून कळत होतं. पहिल्या दिवसांत ती मला चिरडायची. हळूहळू तिची बोटं सैल झाली आणि ती चाचपू लागली. दहाव्या का अकराव्या दिवशी मी तिच्या तळहातावर गोळा होऊन राहिले आणि अंगठा लागताच सुटी झाले. ती एकटीच हसली. इतक्या वर्षांत मला असं कुणी हातात धरलं नव्हतं.

शाळू पेरला. उगवण छान झाली. पण नंतर आभाळाचा एक थेंब नाही. मार्गशीर्षात मला भेगा पडायला लागल्या, पौषात त्यांत हात जाऊ लागला. संजीवनीनं कोळपं धरून त्या बुजवल्या, पुन्हा पडल्या, तिनं पुन्हा बुजवल्या. शाळू पोटऱ्यात होता, कणीस अजून पानांच्या पोटातच होतं, आणि दुपारी पानं गुंडाळून घेत होता. धनाजी ते बघायचा आणि तोंड फिरवायचा.

संक्रांतीआधी दोन दिवस मानसिंग आला. त्याला माझी खोली बघायची होती. धनाजीनं पिकाच्या कडेला पहार घातली. वरची वीतभर माती खणताना ठिणग्या उडायच्या बाकी होत्या. ठकुबाई बांधावर पाठमोरी बसली होती. तिला बघवत नव्हतं.

गुडघाभर खड्डा झाला आणि पहारीचा आवाज बदलला. धनाजीनं पहार बाजूला ठेवली, पालथा पडून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तसाच राहिला.

"काय झालं? खडक लागला का?" मानसिंगनं विचारलं.

धनाजीनं हळूच हाक मारली, "आये, हितं ये. हात घालून बघ."

ठकुबाई उठली. गुडघे टेकून तिनं हात आत घातला. आत मी गार होते, ओली होते. चार महिन्यांपूर्वीचं पाणी मी जपून ठेवलं होतं, आणि शाळवाची पांढरी मुळं माझ्या अंगाअंगातून ते हळूहळू पीत होती. तिनं मूठ आवळली. मी गोळा झाले.

ठकुबाईच्या डोळ्यांना धार लागली. "पोटात पाणी धरून बसलीया रं ही," ती म्हणाली. "वरनं फाटली, पर लेकरांस्नी उपाशी ठेवलं न्हाई. आन आपुन हिला भाजायला निघालो व्हतो."

मानसिंगनं मोबाईल काढला. "यंत्र कधी धाडू मग?"

धनाजीनं खड्ड्यात माती लोटायला सुरुवात केली होती. मुळं उघडी पडलेल्या जागी तो ती हातानं दाबत होता. "नका धाडू, शेठ," तो म्हणाला. "आमी हितंच ऱ्हाणार."

मित्रांनो, त्या वर्षी शाळू गेनबाच्या शाळवाला भारी ठरला नाही. कणसं त्याच्यापेक्षा बारीकच होती. पण ती भरली. ठकुबाईनं पहिली भाकरी भाजली आणि तिचा पहिला तुकडा आणून माझ्यावर ठेवला. मातीला भाकरी खाता येत नाही, हे तिलाही माहीत होतं.

तुम्हाला एवढंच सांगते. तांबडी असो, बरड असो, चोपण असो, प्रत्येक मातीला तिची वेळ असते. ती विचारल्याशिवाय आमच्यात पाय घालू नका. आम्हाला विटांसाठी खरवडून नेऊ नका. बोटभर माती व्हायला आम्हाला शेकडो वर्षं लागतात. आणि एखादी जमीन भेगाळलेली दिसली तर ती मेली असं लगेच म्हणू नका. आधी गुडघे टेका आणि आत हात घालून बघा.