सात नंबरची डिस्क

प्रल्हादरावांचा देवावरचा विश्वास बेताचाच होता, पण सात या आकड्यावरचा अढळ. जन्मतारीख सोळा, म्हणजे एक आणि सहा सात. गोखिवऱ्यातला फ्लॅट त्यांनी घेतला तोही उजेड-वारा बघून नव्हे, तर ३०४ ची बेरीज सात येते म्हणून. त्या फ्लॅटच्या भिंतींना ओल येई, पण तो दोष अर्थातच आकड्याचा नव्हता.

त्यांची बायको आशालता वसईच्या वाडीतली, बागायतदाराघरची. घरातला जुना कॉम्प्युटर खरं तर तिचाच. मस्कतहून परतलेल्या आलोशियसकडून घेतलेला. कॉम्प्युटरच्या पोटात डिस्क नव्हतीच, चपलांच्या खोक्याएवढी एक हार्ड डिस्क बाहेरून जोडलेली असे. तिची मथुराआत्या दुपारी येऊन बसायची, हळदीची, लग्नाची जुनी गाणी म्हणायची आणि आशालता ती थेट टाइप करायची. प्रिंटरची खरेदी दरवर्षी पुढच्या दिवाळीवर जाई, फ्लॉपीचा कप्पा तर कधीच बिघडलेला. गेल्या वर्षी आत्या वारली. तिची गाणी आता जगात एकाच ठिकाणी होती, आणि ती डिस्क हल्ली सुरू होताना जात्यासारखी घरघरायची.

म्हणून आलोशियसकडून दुसरी डिस्क आणली. ती जुनीच्या जोडीला लावायची आणि गाणी उतरवून घ्यायची, काम एका दुपारचं. प्रत्येक डिस्कच्या पाठीला शून्यापासून सातपर्यंत नंबर लावायचं बटण होतं. एका तारेवरच्या दोघांना एकच नंबर चालत नाही, एवढंच पथ्य. प्रल्हादरावांनी नव्या डिस्कला कुठला नंबर दिला, हे सांगायला ज्योतिषी नको.

कॉम्प्युटर सुरूच होईना. प्रल्हादरावांनी तार काढली, फुंकली, पुन्हा लावली. पुढचे रविवार असेच गेले. बंद, चालू, पुन्हा बंद. आणि दर वेळी म्हातारी डिस्क उगाचच कण्हत उठायची. नंबर बदलून बघू या का, असं आशालताने विचारून पाहिलं, पण ते पालथ्या घड्यावर पाणी. तारेत दोष असेल, डिस्कमध्ये असेल, आलोशियसमध्ये तर असणारच. सातमध्ये कसा असेल?

शेवटी ते नायगावच्या एका अंकशास्त्रीबुवांचा सल्ला घ्यायला निघाले. यंत्र बिघडलं की साधी माणसं दुरुस्तीवाल्याकडे जातात. प्रल्हादराव साधे नव्हते.

ते जिना उतरले तसा आशालताने आलोशियसला फोन लावला. तो बिचारा गोंधळलाच. सात नंबर कॉम्प्युटर स्वतःसाठी राखून ठेवतो, तो सोडून कुठलाही लावा, असं त्याने डिस्क देतानाच प्रल्हादभाऊंना बजावलं होतं. भाऊंनी मानही डोलावली होती. चार लावून बघा, तो म्हणाला.

आशालताला रडू आलं, आणि रडण्याहून जास्त राग. तिने चार लावला. कॉम्प्युटर निमूट सुरू झाला, पडद्यावर दोन्ही डिस्क दिसल्या. गाणी उतरू लागली. हळदीची सगळी आली. लग्नाची यायला लागली, निम्मी आलीही, आणि म्हातारी डिस्क एकदा किंचाळून गप्प झाली. त्यानंतर आशालताने किती विनवण्या केल्या तरी ती हलली नाही. इतके रविवार फुकट कण्हली नसती, तर आजची दुपार तिने सहज काढली असती.

प्रल्हादराव परतले ते डिस्कवर घालायचा मंतरलेला पिवळा रुमाल घेऊन. काय झालं ते ऐकलं, मागे वाकून नंबर पाहिला आणि त्यांचा चेहरा चक्क उजळला.

"चार? मग दुसरं काय होणार. तरी मी सांगत होतो, सातला हात लावू नकोस."

आलोशियसची सूचना का दडवलीत, हे विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण भांडायला त्राण नव्हतं.

"अहो, आत्या गेली ना," ती म्हणाली, "ती सात तारखेला."

हातातला रुमाल कुठे ठेवावा, ते प्रल्हादरावांना कळेना.