अंगठ्याच्या मशीनचा अर्ज

मित्रांनो, आयुष्यभर मी दुसऱ्यांचेच अर्ज पाहिले. आज माझा भरते.

नाव: अंगठा घेणारी मशीन.
वय: सात वर्षं. आमच्यात हे म्हातारपणच.
जन्म: कुठल्याशा कारखान्यात. आईबापाचा रकाना रिकामा.
राहणार: पुंडलिकनगर, संध्याताईंच्या सेवा केंद्रातलं टेबल.
काम: कमी कमाईच्या घरांतल्या बायकांना सरकारकडून महिन्याची मदत मिळते. ती चालू राहायची तर वर्षातून एकदा अंगठा देऊन 'मीच ती' हे पटवावं लागतं. तो अंगठा मी बघते.

आधी संध्याताई मला मऊ पिशवीत ठेवायच्या. आता माझ्या डोक्यावर चहाचा कप असतो. वायरला रबर गुंडाळलं आहे. थकले आहे मी.

पुढचे रकाने राहू द्या. मंजुळाबाईंचं सांगते.

दसऱ्याला संध्याताईंनी दुकानातल्या सगळ्या वस्तूंची पूजा केली. माझ्या काचेवर ओल्या हळदीकुंकवाचं बोट लावलं, वर झेंडू ठेवला. सुट्टी संपून दुकान उघडलं तेव्हा फूल उचललं. पूजेचं बोट पुसू नये म्हणून तसंच ठेवलं. माझा दिवा लाल. तो लागला की त्यात कुंकू दिसत नाही.

तो अंगठा देण्याचा शेवटचा दिवस होता. पहिल्याच आल्या मंजुळाबाई, पाचोडहून, मेंढरं नवऱ्यावर सोडून. त्या पैशांत त्यांच्या नातीची, ज्ञानेश्वरीची, वसतिगृहातली खानावळ भागते.

जुळला नाही. पुन्हा प्रयत्न करा.

"मावशी, जरा जोरात दाबा."

"आणखी किती दाबू माय? एवढ्या जोरानं मेंढरू दाबलं असतं तर गाभडलं असतं."

जुळला नाही. शेवटचा प्रयत्न.

मागे रांगेत उभ्या चंपाबाई म्हणाल्या, "अंगठा घरी ठिवून आलीस का गं? सरक, आमालाबी कामं हायेत."

"तुमचे ठसे झिजलेत, मावशी," संध्याताई म्हणाल्या.

मंजुळाबाईंनी अंगठा उलटसुलट करून पाहिला. पदराला घासला. मला ओरडून सांगायचं होतं, पण मला ठरलेली चार-दोनच वाक्यं येतात. त्यातलं एक मी तिसऱ्यांदा बोलले.

जुळला नाही. चोवीस तासांनी या.

उद्या मुदत संपलेली असणार. माझा दिवा विझला, आणि काच उघडी पडली. मंजुळाबाई वाकल्या.

"बाई, हिच्या डोळ्यात कुकू गेलंय की! मेंढरू धडपडाया लागलं तर आमी आधी डोळा बघतो."

त्यांनी काचेवर वाफ सोडली आणि पदराच्या टोकानं मला पुसलं. सात वर्षांत इतक्या हळू कुणी पुसलं नव्हतं. चंपाबाईंचा अंगठा पहिल्याच खेपेला जुळला. त्या बाजूला झाल्या.

संध्याताईंचा चेहरा उतरला. त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहिलं, 'चूक माझ्या दुकानातली आहे, बाईंची नाही.' खाली स्वतःची सही केली.

"ह्यानं व्हईल का काही?"

"माहीत नाही, मावशी. पण तुमचा अंगठा झिजलाय असं मी लिहिणार नाही."

मंजुळाबाईंना सही येत नाही. स्टॅम्प पॅडवर टेकवून त्यांनी अंगठा कागदावर उमटवला. एकेक रेघ वेगळी, ठसठशीत. तो कागद अजून कुठल्याशा सरकारी टेबलावर पडून आहे. उत्तर आलेलं नाही.

मागणी: मित्रांनो, माझी पूजा नाही केली तरी चालेल, काच पुसत जा. आणि एखादीचा अंगठा जुळला नाही, तर तिच्या हाताकडे बोट दाखवण्याआधी एकदा माझ्याकडे बघा.