मॅनेजरचा उपास

"मॅनेजर कोण? मॅनेजरला आत घ्या!"

कंपाउंडरने हाक दिली, तसे राजारामपुरीतल्या त्या जनावरांच्या दवाखान्यात बसलेले बँकेचे एक खरेखुरे मॅनेजर मांडीवरचं मांजर सावरत उठले. धोंडुबाईने त्यांना खांद्याला धरून परत खाली बसवलं.

"तुमी न्हाय वो पावणं. आमचा मॅनेजर."

आणि टॉवेलात गुंडाळलेलं काळं पिल्लू छातीशी धरून ती आत शिरली. मागोमाग तिच्या खानावळीत कामाला असलेली शालूबाई, नाकाला पदर लावून.

नाव गिऱ्हाइकांनी ठेवलेलं. कुणीतरी खानावळीच्या पायरीवर सोडून दिलेलं हे पिल्लू दिवसभर गल्ल्यापाशी बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यावर गुरकवायचं आणि काम मात्र काडीचं करायचं नाही. मग दुसरं काय नाव पडणार? त्याला लस टोचायची असते हे धोंडुबाईच्या गावीही नव्हतं. खायला घालायचं असतं एवढं तिला ठाऊक, आणि त्यात तिने कसूर केली नव्हती. काल मात्र पठ्ठ्याने नळीच्या हाडाला तोंड लावलं नाही. मग ओकाऱ्या सुरू झाल्या. सकाळी रक्ताचे जुलाब, आणि वास असा की मटण धुण्यात हयात गेलेली शालूबाईसुद्धा रस्त्यावर पळाली.

डॉक्टर भैरवी वयाने लहान, पण आवाज खणखणीत. तपासणी झाल्यावर ती म्हणाली, "मावशी, पार्व्हो आहे. लहान पिल्लांना होतो. आतडं आतून सोलवटून काढतो."

"मरंल?" धोंडुबाईने सरळच विचारलं.

"खोटं कशाला सांगू? मरू शकतो. पण वेळेत आणलंत. सलाईन लावू, उलटीचं इंजेक्शन देऊ. सकाळ-संध्याकाळ आणायचं. घरातली फरशी ब्लीचिंग पावडरने धुवायची, हा विषाणू महिनोन् महिने चिवटपणे टिकतो. आणि मी सांगेपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही."

"कायच न्हाय? आळणी बी न्हाय?"

"आळणी तर मुळीच नाही."

धोंडुबाई थक्क झाली. आळणी, म्हणजे तिखट पडायच्या आधीचं मटणाचं पाणी. कोल्हापुरात बाळंतिणीला आळणी, तापकऱ्याला आळणी, आखाड्यात पाय मुरगळला तरी आळणी! त्याच आळणीला ही काल शिकून आलेली पोरगी 'मुळीच नाही' म्हणत होती.

शालूबाईला दुसरीच काळजी. "डॉक्टरीणबाई, ह्यो रोग मानसाला हुतो काय वो?"

"नाही. कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही. माणसांचा वेगळा असतो. त्यात लहान मुलांचे गाल थोबाडीत मारल्यासारखे लालभडक होतात."

"आमच्या मालकाचा झालता तसा गाल," शालूबाई विचार करून म्हणाली. "पर त्यो मीच केलता."

धोंडुबाई हसली नाही. तिचं सगळं ध्यान त्या पिल्लाच्या खपाटीला गेलेल्या पोटाकडे होतं.

ह्या बाईचा जन्मच वाढण्यात गेलेला. तिच्या खानावळीत क्लासची पोरं जेवायची, दुकानांतले नोकर जेवायचे, आणि 'नको' हा शब्द तिथे कुणाचाच चालायचा नाही. ताटावर हात आडवा धरला तर ती बोटांच्या फटीतून रस्सा ओतायची. बाहेरगावहून आलेलं काटकुळं पोरगं परीक्षेपर्यंत विजारी उसवून घ्यायला शिंप्याकडे जायचंच.

आणि अशा बाईचा नवरा उपाशी गेला. आण्णा आजारी पडला तेव्हा मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं, तोंडाने काही नाही. आण्णा तिचा हात धरून म्हणायचा, "धोंडे, वाईच पांढरा रस्सा दे की गं." तिने दिला नाही. शहाण्यासारखं ऐकलं डॉक्टरांचं, आणि आण्णा तसाच गेला. त्या दिवसापासून तिचा शहाणपणावरचा विश्वासच उडाला होता.

तेव्हा संध्याकाळी गिऱ्हाइकं पांगल्यावर तिने जे केलं, ते दुसरं काही होणारच नव्हतं. वाटीभर आळणी कोमट केली, मॅनेजरचा जबडा उघडला आणि चमच्याने घातली. "पी माझ्या राजा. कुनाला न्हाय सांगत."

सकाळी मॅनेजरची मान उभी राहीना.

"काही दिलंत का?" भैरवीने विचारलं.

"आंबाबाईची आण, कायसुद्धा न्हाय."

तेवढ्यात मॅनेजर टेबलावर ओकला. भैरवीने वाकून हुंगलं आणि ती कपाळाला हात लावून म्हणाली, "आलं-लसूण!"

"मी म्हनलं हुतं की हिला!" शालूबाईने लगेच हात झटकले. "वर आनि जायफळ किसलीया."

"मावशी, त्या पिल्लाला पार्व्हो मारायच्या आधी तुम्हीच मारणार!"

धोंडुबाईच्या डोक्यात तिडीक गेली. "उपाशी मारू व्हय मग? एकाला मारलोय तसं! मालक रस्सा मागत मागत गेलं माझं. हात धरून मागत हुतं. न्हाय दिलो मी. आता ह्या मुक्या जिवाला बी न्हाय देऊ?"

मग धोंडुबाई पदरात तोंड घालून रडायला लागली.

भैरवीने तिला स्टुलावर बसवलं. आवाज खाली आणून म्हणाली, "मावशी, इकडे बघा. ही नळी दिसते ना? ह्यातनं त्याला जातंय. तो उपाशी नाहीये. त्याचं आतडं फुटलेल्या गुडघ्यासारखं झालंय, त्यावर तुम्ही आलं-लसूण चोळताय. त्याला जगवायचं तर तुमचा हात आवरा."

धोंडुबाईने नाक पुसलं आणि मान हलवली.

घरी आल्यावर नवीनच पंचाईत. त्यात बुधवार, म्हणजे मटणाचा दिवस. आत कांदा-खोबरं भाजायला टाकलं की बाहेर मॅनेजरला उमासे यायचे. धोंडुबाई तिथे उभी राहून बघत राहिली आणि मग आत जाऊन तिने शेगडी बंद केली.

"अगं, जेवाय येतील की सगळी," शालूबाई किंचाळली.

"येऊ देत. दुसरीकडं जेवत्यात."

आण्णाच्या दहाव्यालाही न विझलेली ती शेगडी कुत्र्यासाठी विझली. शालूबाई पायरीवर उभी राहून येईल त्याला सांगू लागली, "मॅनेजर आजारी हाय, खानावळ बंद."

एक नवखं गिऱ्हाईक म्हणालं, "मग मालकिणीला वाढू दे की. मॅनेजरवाचून काय अडलंय?"

"मालकीनच त्याच्या उशाला बसलीया!"

ते गिऱ्हाईक अशी नोकरी कुठे मिळते म्हणत निघून गेलं. मोहित नावाचं क्लासचं पोरगं मात्र प्रेमाने बिस्किटाचा पुडा घेऊन आलं. जिने त्याच्या बोटांच्या फटीतून रस्सा ओतला होता, तीच धोंडुबाई लाटणं घेऊन उठली. "एक बिस्कूट जरी टाकलास तर हात मोडीन!" पोरगं पुडा तिथेच टाकून पळालं. शालूबाईने तो उचलला आणि चहात बुडवून संपवला.

सलाईन चालू राहिली. शालूबाई शिव्या देत ब्लीचिंग पावडरने फरशी घासत राहिली. उलट्या आधी कमी झाल्या, मग थांबल्या. एका सकाळी टेबलावर मॅनेजरने थर्मामीटर लावणाऱ्या कंपाउंडरचा अंगठा चावला, तेव्हा भैरवी पहिल्यांदा हसली.

"आता भाताची पेज. दोन चमचे. तो आणखी मागेल, पण द्यायचं नाही. दिलंत तर सगळं परत पहिल्यापासून."

धोंडुबाईने पेज केली. दोन चमचे मोजून बशीत घातली आणि खाली ठेवली. मॅनेजर लटपटत आला, त्याने बशी हुंगली आणि तो चाटायला लागला. बशी लखलखीत झाली तरी चाटत राहिला. मग त्याने मान वर केली आणि कुंई कुंई सुरू केली.

शालूबाईचंच काळीज पाघळलं. "दे की गं जरासं. बघ कसं मागतंय लेकरू."

पातेल्यात पेज होती. धोंडुबाईने पातेल्याकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं, आणि बशी उचलून मोरीत ठेवली.

"न्हाय," ती म्हणाली.

ती भिंतीला टेकून खाली बसली. मॅनेजर तिच्या मांडीवर चढला. तिच्या हाताला पेजेचा वास येत होता. त्याने तळव्याकडे नाक नेलं, तशी तिने मूठ मिटली. तो तिची बोटं एकेक करून चाटत राहिला, बोटांच्या फटीत नाक खुपसत राहिला. धोंडुबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण मूठ तिने उघडली नाही.