लिंबू बांधलेल्या पिशव्या

गावात कुठे उतारा पडलेला दिसला की मी त्यातलं लिंबू उचलायचो, शाळेत न्यायचो आणि पोरांसमोर सरबत करून प्यायचो. सगळी नोकरी हेच केलं. मला काही झालं नाही, फक्त लोकांनी वेडा गुरुजी ठरवलं. आमच्या घरातले देव माझ्या वडिलांनी छप्पन सालच्या धर्मांतरानंतर नदीत सोडलेले. आणि आता माझीच पोरगी जंगलात लिंबं बांधून आली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मोनालीचा पीएचडीचा विषय पालापाचोळा. कुठलं पान लवकर कुजतं आणि कुठलं का कुजत नाही. गिरिपुष्पाचं पान कोवळं, नत्रानं भरलेलं. एका पावसाळ्यात त्याची माती होते. सागाच्या पानात लाकडाचा चिवटपणा आणि टॅनिनचा तुरटपणा. त्याला बुरशीसुद्धा नाइलाजानं तोंड लावते. हे मापायला तिनं नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत पानं तोलून भरली आणि गावावरच्या टेकडीला, वनखात्याच्या सागवानात ठेवली. वर्षभर थोड्या थोड्या उचलायच्या आणि आत किती उरलं ते तोलायचं. एवढं साधं काम.

पण जाळी पाहिली की आमच्या गावाचा हात खाजतो. पहिल्या खेपेच्या पिशव्या गेल्या. पानं तिथंच उपडी केलेली आणि जाळ्या घरोघर भांडी घासायला. मी दारोदार जाऊन समजावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, चहा पाजला. दुसऱ्या खेपेच्याही गेल्या. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! तिसऱ्या खेपेला मोनालीनं मला न सांगता केदारखेड्याच्या बाजारातून लिंबं आणली आणि प्रत्येक पिशवीला कुंकू लावून बांधली. सुकली की पुन्हा नवी. मला कळलं तेव्हा मी खूप बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाबा, तुमच्या समजावण्यानं एक तरी पिशवी वाचली का?"

राग ह्याचाच आला, की लिंबानं वाचल्या. एकही जागची हलली नाही.

मग आमच्या शेजारच्या भुजंगची म्हैस आटली. भुजंग काही अडाणी नाही. मोसंबीची मोठी बाग आहे, पोरगा पुण्यात इंजिनिअर. पण टेकडीवर लिंबं बांधलेली आहेत आणि चतुराबाई रोज तिथं सरपणाला जाते, तेव्हा करणी तिचीच, हे त्यानं पारावर बसून ठरवून टाकलं. एकटी म्हातारी. तिला खुरपणीला बोलावणं बंद झालं, बाया तिच्याबरोबर हापशावर थांबेनात. मग कुणीतरी तिच्या दारावर दगड मारला.

मी मोनालीला फक्त "चल" म्हणालो. ती लगेच उठली, हे सांगायलाच हवं. पारावरच्या सगळ्यांना घेऊन आम्ही टेकडी चढलो. लिंबं मी बांधली, चोरी होऊ नये म्हणून, चतुराबाईचा काही संबंध नाही, असं मोनालीनं स्पष्ट सांगितलं. एक पिशवी फोडून आतली पानं हातावर दाखवली. वेळेआधी फोडलेली पिशवी तिच्या कामातून गेली म्हणून समजा. पण एकीनं काय होतं, असं आम्हाला वाटलं.

"ह्याच्यात न्हाई," भुजंग म्हणाला. "दुसरीत असंल."

दुसरी फोडली. मग तिसरी. प्रत्येक वेळी तो पुढच्या पिशवीकडे बोट करायचा. पानं ह्या हातातून त्या हातात गेली, चुरा होऊन मातीत पडली, आणि माझी पोरगी पुढची गाठ सोडत राहिली. शेवटची रिकामी झाली तेव्हा तिच्या सगळ्या वर्षावर पाणी पडलं होतं. गुरुजींचं बराबर हाय, नुसता पाला हाय, असं म्हणत लोक उतरले. निदान म्हातारी सुटली, असं मी मनाला समजावलं.

पुढच्या आठवड्यात चतुराबाई आमच्या ओट्यावर टेकली होती, तेव्हा भुजंग आला. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "गुरुजी, मोसंबी चोरीला जाऊन राह्यली. तुमच्या पोरीचं लिंबू लई कडक हाय, तिची एक पिशवी गेली न्हाई. माझ्या बागेला बांधून द्या."

मोनालीनं ऐकलं होतं. ती आत गेली आणि तीन पेले सरबत घेऊन आली. बांधायला आणलेल्यातलीच उरलेली लिंबं आहेत, असं तिनं मोठ्यानं सांगितलं. मी माझा पेला रिकामा केला. भुजंगनं हात लावला नाही. चतुराबाई उन्हातून आली होती. तिनं आपला पेला संपवला, मग त्याचाही उचलून प्याली. "गार वाटलं माय," म्हणत तिनं पदरानं तोंड पुसलं.

संध्याकाळी मी पारावरून येत होतो. भुजंगभोवती घोळका होता.

"म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं," तो सांगत होता. "तिला लिंबूबी बाधत न्हाई."